'वन्स अपॉन अ टाईम इन द वेस्ट' : कानाने बघायचा सिनेमा

माळावरचा (धागाकर्ता)

सप्टेंबर २०२५ मध्ये क्लॉडिया कार्डिनाले गेल्या, तेव्हापासून हा सिनेमा पुन्हा बघायचा मनात होतं. परवा रात्री योग आला. सगळे झोपल्यावर हेडफोन लावून बसलो आणि संपेपर्यंत उठलो नाही. धाग्यात भरपूर रहस्यभेद आहे. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी आधी पाहावा, मग इथे यावं.

पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजात असताना, मित्राच्या खोलीवर. भाड्याने आणलेली कॅसेट, चौदा इंची टीव्ही, जमिनीवर अंथरलेल्या सतरंजीवर आम्ही पाच जण. एवढ्या रुंद पडद्यासाठी काढलेलं चित्र दोन्ही बाजूंनी कापलेलं होतं. डावीकडचा माणूस बोलायचा तेव्हा त्याचं नुसतं नाक दिसायचं. रंगही उडाले होते. तरीही पहिल्या पाच मिनिटांत खोलीतली बडबड थांबली. त्या रात्री नेमकं काय झालं हे मला बऱ्याच वर्षांनी उमगलं. चित्र निम्मं गेलं होतं, पण आवाज शाबूत होता.

सिनेमा १९६८ चा. दिग्दर्शक सर्जिओ लिओने, संगीतकार एन्नियो मोरिकोने. दोघं रोमचे, लहानपणी एकाच वर्गात शिकलेले. लिओनेने त्याआधी क्लिंट ईस्टवुडला घेऊन तीन वेस्टर्न केले होते. इटालियन माणसांनी स्पेनच्या माळावर उभी केलेली अमेरिका म्हणून त्या प्रकाराला 'स्पॅगेटी वेस्टर्न' म्हणून हिणवायचे. या सिनेमाच्या मूळ कथेत लिओनेबरोबर बेर्तोलुच्ची आणि दारिओ अर्जेंतो होते, पटकथा सर्जिओ दोनातीबरोबर लिहिली. गोष्ट तशी साधी. स्वीटवॉटर नावाची उजाड जमीन. रेल्वे तिथूनच जाणार, कारण इंजिनाला लागणारं पाणी त्या मुलखात तिथेच आहे. ती जमीन धरून बसलेल्या मॅकबेनला पोराबाळांसकट मारलं जातं. त्याची नवी बायको जिल (क्लॉडिया कार्डिनाले) त्याच दिवशी न्यू ऑर्लिन्सहून येऊन पोचते. मारेकरी फ्रँक, ज्याच्यावर आळ येतो तो डाकू शायेन, आणि फारसं न बोलता माउथ ऑर्गन वाजवणारा एक माणूस. त्याचं नाव शेवटपर्यंत कळत नाही, सगळे त्याला हार्मोनिकाच म्हणतात.

आता सुरुवात आठवा. फळ्यांचा फलाट असलेलं ओसाड स्टेशन. लांब कोट घातलेले तीन जण गाडीची वाट बघतायत. दहा-बारा मिनिटं काहीही घडत नाही. पार्श्वसंगीत नाही, संवाद नावापुरते. आवाज मात्र एकेक करून येत जातात. वंगण नसलेली पवनचक्की करकरते, आणि ती करकर शेवटपर्यंत पाठ सोडत नाही. वुडी स्ट्रोड पाण्याच्या टाकीखाली उभा असतो, त्याच्या तुळतुळीत डोक्यावर थेंब पडतो. तो सरकत नाही, फक्त टोपी घालतो. मग थेंब टोपीवर पडू लागतात, आणि तो आवाज वेगळा, जरा बोदा. तिसरा घोड्यांच्या हौदाजवळ बसून एकेक बोट कडाकडा मोडतो. जॅक इलमच्या दाढीवर माशी बसते. फुंकर मारून ती जात नाही, तेव्हा तो तिला बंदुकीच्या नळीत पकडतो, नळीवर बोट ठेवतो आणि नळी कानाशी नेऊन आतली गुणगुण ऐकत बसतो. त्याच्या चेहऱ्यावर लहान मुलासारखं समाधान असतं. आणि मग लांबून गाडीची शिट्टी.

या प्रसंगासाठी मोरिकोनेने आधी संगीत लिहिलं होतं, ते जमलं नाही. त्याने मुलाखतींत सांगितलेला किस्सा असा, की फ्लॉरेन्सला एका प्रायोगिक मैफलीत एक माणूस मंचावर आला आणि बराच वेळ नुसती शिडी करकरवत राहिला. शिडीचा आवाज एरवी आपल्या लेखी काहीच नाही. शांत सभागृहात, सगळं बाजूला सारून ऐकला की तोच आवाज वेगळा होतो. मोरिकोनेने हे लिओनेला सांगितलं आणि लिओनेने ती शिडी उचलून थेट स्टेशनावर नेली.

आणखी एक जागा. मॅकबेनच्या घरापुढे लग्नाच्या जेवणाची टेबलं मांडलेली आहेत, आणि आजूबाजूच्या झुडपांतली किड्यांची किरकिर एकदम थांबते. मॅकबेन मान वर करतो. पुन्हा सुरू होते, पुन्हा थांबते. आमच्या गावाकडे शेतात रात्री राखणीला बसणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. किडा गप्प झाला म्हणजे कोणीतरी आलंय. लिओनेला ते ठाऊक होतं, आणि प्रेक्षकाच्याही अंगात ते मुरलेलं असतं यावर त्याचा विश्वास होता. त्यानंतरच फ्रँक दिसतो. कॅमेरा पाठीमागून हळूहळू फिरून पुढे येतो आणि चेहरा हेन्री फोंडाचा निघतो. तोवर वीस-पंचवीस वर्षं अमेरिकेने ज्याला सज्जन म्हणून पाहिलं तो फोंडा. ('एक रुका हुआ फैसला' ज्या अमेरिकन सिनेमावरून आला, त्यात अकरा जणांशी एकटा भांडणारा ज्युरर तो हाच.) फोंडा सेटवर तपकिरी लेन्स आणि मिशा लावून आला होता, खलनायक दिसावं म्हणून. लिओनेने दोन्ही काढायला लावलं. त्याला ते निळे डोळे तसेच हवे होते. समोर लहान मुलगा उभा, आणि फ्रँक हसून बंदूक काढतो.

हा सिनेमा टिकला तो ऐकण्यामुळे, असं माझं ठाम मत झालंय. दृश्यं सुंदर आहेतच, पण सुंदर दृश्यांचे किती सिनेमे विसरलो आपण. तुमच्या कानात यातलं काय राहिलंय ते लिहा.

घाटवाट

काय लिहिलंयत! माझ्या कानात जिलचं स्टेशन. ती गाडीतून उतरते, न्यायला कोणी आलेलं नाही. गर्दी पांगते, ती घड्याळ बघते, चालू लागते. स्टेशन मास्तरच्या खोलीत जाऊन काहीतरी विचारते, आपण बाहेरूनच काचेतून बघतो. मग ती पलीकडच्या दाराने बाहेर पडते आणि कॅमेरा कौलांवरून वर वर चढतो. तेवढ्यात एड्डा देल'ओर्सोचा आवाज भरून येतो आणि अख्खं गाव समोर पसरतं. त्या आवाजात शब्द एकही नाही. माझ्या अंगावर प्रत्येक वेळी काटा येतो.

संगीत शूटिंगच्या आधीच ध्वनिमुद्रित झालं होतं आणि सेटवर वाजवलं जायचं. म्हणजे कार्डिनाले त्या चालीवर चालतायत, क्रेनही त्या चालीवर चढतेय. आपल्याकडे गाण्याचं शूटिंग असंच होतं, गाणं आधी आणि चित्र मागून. लिओनेने अख्खा सिनेमाच गाण्यासारखा चित्रित केला.

तिखटमीठ

वेगळं मत मांडतो, राग नसावा. मी हा सिनेमा दोनदा लावला आणि दोन्ही वेळा पाऊण तासात बंद केला. इलमची माशी मलाही आवडली, पण त्यानंतर प्रत्येक जण प्रत्येकाकडे इतका वेळ बघत का राहतो? डोळे, मग दुसऱ्याचे डोळे, पुन्हा पहिल्याचे डोळे. ईस्टवुडचा तिसरा सिनेमा, तो तीन माणसं आणि सोन्याचा, मी कितीही वेळा बघेन. तिथे एली वॉलॅक आहे. तो खातो, शिव्या देतो, रडतो, देवाला हात जोडतो. माणूस आहे तो. इथे सगळे पुतळे वाटतात. अमेरिकेतही हा आपटलाच होता ना?

माळावरचा

@तिखटमीठ, राग कसला. तो तिसरा सिनेमा माझाही जीव की प्राण आहे, आणि वॉलॅकबद्दल एकेक शब्द मान्य.

अमेरिकेत आपटला हे खरं. मग तिथे वीसेक मिनिटं कापून दाखवला, आणि त्यात शायेन आणि हार्मोनिका पहिल्यांदा भेटतात तो गुत्त्यातला प्रसंगच गेला! फ्रान्समध्ये मात्र जवळपास दीड कोटी तिकिटं खपली. २००९ मध्ये अमेरिकेनेच तो आपल्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत जतनासाठी घेतला.

संथपणाबद्दल. लिओनेने म्हटलं होतं की या सिनेमाची लय मरणाऱ्या माणसाच्या शेवटच्या श्वासांसारखी ठेवलीय. हे सगळे जण संपत चाललेले आहेत आणि त्यांना ते माहीत आहे. रेल्वे आली की फ्रँकसारख्या बंदूकवाल्याची गरज संपणार. तो रेल्वेच्या मालकासारखा, मोर्टनसारखा, शेठ व्हायला बघतो, खुर्चीत बसून बघतो, जमत नाही. त्या लोकांना घाई कशाची असणार? तुम्हाला पुतळे वाटले ते मी चूक म्हणणार नाही. पण एकदा तो गुत्त्यातला प्रसंग एवढाच बघा. काळोखातून फक्त माउथ ऑर्गन ऐकू येतो. शायेन तारेवर टांगलेला कंदील ढकलतो, कंदील सरकत जातो आणि चेहरा उजेडात येतो. आधी आवाज, मागून माणूस.

पाणकणीस

मी जरा लांबण लावणार आहे.

धाग्यात आतापर्यंत जिल फक्त चालतेय. खरं तर सिनेमा तिचाच आहे. लिओनेच्या आधीच्या सिनेमांत बाई येते ती रडायला नाहीतर मरायला. इथे उलट झालं. पुरुष येतात आणि जातात, मरतात, घोड्यावर बसून निघून जातात, आणि जमीन शेवटी तिच्या हातात राहते. ती घरी पोचते तो प्रसंग बघा. लग्नाच्या जेवणासाठी मांडलेल्या टेबलांवरच नवऱ्याचं आणि मुलांचं प्रेत ठेवलंय. ती किंचाळत नाही. कार्डिनालेंनी तो चेहरा कसा ठेवलाय! आलेल्या लोकांना ती सांगते, की मॅकबेनशी माझं लग्न महिनाभरापूर्वीच लागलंय. पाहुणी म्हणून आली होती, त्या एका वाक्यात घरची मालकीण होते.

नंतर एकटीच असताना ती सगळं घर उचकटते, कपाट, पलंग, फडताळं. पैसा शोधतेय. अनेक समीक्षकांना ती लोभी वाटली. मला ती शहाणी वाटली. दुःख आहे, पण उद्या खायचं काय हेही आहे. आमच्या आत्याला ऐन तिशीत हेच करावं लागलं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी दिराच्या आधी ट्रंक उघडून सातबाऱ्याचे कागद शोधले तिने. लोकांनी नावं ठेवली. त्या कागदांवर तिची दोन मुलं शिकली.

पण दोन गोष्टी सलतात, आणि आवडत्या सिनेमाबद्दलही त्या बोलायला हव्यात. फ्रँक तिच्यावर जबरदस्ती करतो तो प्रसंग, जिथे ती जगण्यासाठी त्याला साथ दिल्यासारखं करते. तिची भीती दाखवण्यापेक्षा कॅमेऱ्याला तिचं शरीर जास्त दिसतं. आणि शेवटी शायेन तिला सांगतो, की बाहेर कामगारांना पाणी दे आणि कोणी अंगाला हात लावला तर मनावर घेऊ नकोस. हे तो मायेने बोलतोय असं सिनेमाला वाटतं. मला नाही वाटत. १९६८ मधल्या पुरुषांनी लिहिलेली बाई आहे ती, कार्डिनालेंनी तिला लेखनापेक्षा मोठं केलं.

शेवट मात्र विसरता येत नाही. ती पाणी घेऊन बाहेर येते, रुळांवर राबणाऱ्या माणसांमध्ये. मघाशी धागाकर्त्यांनी पाण्याचा थेंब लिहिला. सिनेमाची सुरुवात टोपीवर थेंब थेंब साठणाऱ्या पाण्याने होते आणि शेवट सगळ्यांना पोटभर पाण्याने. मध्ये मोर्टन मरतो तो चिखलाच्या डबक्याकडे सरपटत, आणि त्या डबक्यात त्याला समुद्राची गाज ऐकू येते. आपल्या रेल्वेने पॅसिफिकपर्यंत पोचायचं होतं त्याला. दुष्काळी भागातली असल्यामुळे असेल, मला हा सिनेमा पाण्याचाच वाटतो.

माळावरचा

@पाणकणीस, ताई, पाण्याचं मला इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं. त्या दोन्ही आक्षेपांशी सहमत आहे. शायेनचं ते वाक्य मी तरुणपणी गोड समजायचो. आता नाही.

कोरडवाहू

वाचनखूण साठवली. ताईंच्या आत्यांना नमस्कार.

लोहमार्ग

'शोले'चं नाव अजून कसं निघालं नाही?

ठाकूरच्या कुटुंबाच्या हत्येचा प्रसंग आठवा आणि मॅकबेनचा बाजूला ठेवा. अंगणात हसतंखेळतं घर, लांबून आलेली गोळी, एकेक जण पडतो, शेवटी लहान पोर. तिकडे फ्रँक गोळी झाडतो आणि तो आवाज सरळ इंजिनाच्या शिट्टीत मिसळतो, जिलची गाडी स्टेशनात शिरते. इकडे गब्बरची गोळी सुटते आणि ठाकूरची गाडी येते. तिकडे जेवणाच्या टेबलांवर प्रेतं, इकडे अंगणात पांढऱ्या कापडाखाली ओळीने, आणि वाऱ्याने हलणाऱ्या झोपाळ्याची करकर. पवनचक्कीची बहीणच ती! अमिताभच्या हातातला माउथ ऑर्गनही तिकडूनच आला असणार, पण इथे तो सूड मागत नाही. राधा एकेक दिवा मालवत जाते आणि जय पायरीवर बसून वाजवतो. तो वाजवला होता पंचमच्या ताफ्यातल्या भानू गुप्तांनी.

आणि एक गोष्ट अभिमानाने सांगतो. 'शोले'ला फिल्मफेअर एकच मिळालं, संकलनाचं, आणि ते आपल्या एम. एस. शिंदे यांना. तो झोपाळा किती वेळ करकरू द्यायचा, कुठे कापायचा हे संकलनाच्या टेबलावर ठरतं. अहमदचा मृत्यू बघा. सचिनला मारताना दाखवतच नाहीत. गब्बर हातावरची मुंगी चिरडतो आणि पुढच्या दृश्यात घोड्यावरून प्रेत गावात येतं. जॅक इलम माशी सोडून देतो, गब्बर मुंगी सोडत नाही.

माझा मामा १९७५ मध्ये मुंबईला नोकरीला होता, मिनर्व्हात त्याने 'शोले' सत्तर एमएमला पाहिला. पाच वर्षं चालला तिथे. तो सांगतो, की जयने उडवलेलं नाणं पडल्याचा आवाज एका बाजूने यायचा आणि माणसं खाली वाकून बघायची, कोणाचे पैसे पडले म्हणून.

तिखटमीठ

म्हणजे सरळ सरळ उचललंय की.

लोहमार्ग

प्रसंग उचललाय, नाकारत नाही. पण लिओनेनेही जॉन फोर्डपासून 'हाय नून'पर्यंत अमेरिकन वेस्टर्नमधून हात भरून घेतलंय. स्टेशनावर गाडीची वाट बघणारे तीन गुंड 'हाय नून'मध्येच आहेत. आणि त्याचा ईस्टवुडबरोबरचा पहिला सिनेमा कुरोसावाच्या 'योजिम्बो'वरून होता, त्यावरून दावा झाला आणि भरपाई द्यावी लागली. जपान, इटली-स्पेन, रामनगर अशी ही वरात आहे. घेतलेल्या गोष्टीत आपलं काय घातलं ते मी बघतो. मॅकबेनच्या घरात सूड घ्यायला कोणी उरत नाही, ठाकूर उरतो. ती विधवा सून पांढऱ्या साडीत उरते. तो आपला भाग.

खर्ज

मी सिनेमाच्या आवाजाचं काम करतो, बावीस वर्षं झाली. हा धागा वाचून राहवलं नाही.

इटलीत त्या काळी शूटिंगवर घेतलेला आवाज सिनेमात ठेवायचीच पद्धत नव्हती. नट आपापल्या भाषेत बोलायचे आणि सगळं नंतर डब व्हायचं. आपल्या हिंदी सिनेमातही कितीतरी वर्षं हेच होतं, पायलट ट्रॅक ऐकून स्टुडिओत पुन्हा बोलायचं. त्यात नटाचा जीव जातो ही तक्रार योग्य आहे. पण दुसरी बाजू अशी, की पाटी कोरी मिळते. पडद्यावर जे ऐकू येतं ते कोणीतरी मुद्दाम ठेवलेलं असतं. लिओनेच्या स्टेशनावर वारा, चक्की, थेंब, माशी यांपलीकडे काही नाही, कारण त्याने ठेवलं नाही.

करकर बनवणं वाटतं तितकं सोपं नाही. एका मालिकेसाठी मला मोटेचा आवाज हवा होता. खरी मोट कुठे मिळणार? जुन्या लाकडी खुर्चीचा खिळखिळा पाय, त्याला ओलं फडकं गुंडाळायचं, माइक वीतभर अंतरावर, आणि वजन हळूहळू टाकायचं. घाई केली की 'कर्र' येतं, ते दारासारखं वाटतं. जीव लावून दाबलं की 'कुईंऽऽऽ' असं लांबतं, आणि मध्ये एक क्षण आवाज तुटतो. तो तुटण्याचा क्षण हवा. पुन्हा येईल की नाही याची वाट बघायला लावतो तो. पवनचक्कीच्या आवाजात अशी तुटण्याची जागा प्रत्येक फेऱ्याला आहे. हेडफोन लावून ऐका.

आता माउथ ऑर्गन. फ्रांको दे जेमिनीने वाजवलाय तो. साधी धून नाहीच ती, दोन-तीन सूर एकमेकांना घासतात, श्वास आत-बाहेर होतो. आपण अडीच तास समजतो, की हा त्या माणसाचा पोशाखी भाग आहे. मग कमानीचा प्रसंग येतो. मोठ्या भावाच्या गळ्यात फास, तो लहान भावाच्या खांद्यावर उभा, आणि फ्रँक त्या पोराच्या तोंडात माउथ ऑर्गन कोंबतो. म्हणजे आपण ऐकत होतो ती धून नव्हतीच. खांद्यावर भावाचं वजन पेलणाऱ्या पोराची ती धाप होती. आणि शेवटी फ्रँक मरताना विचारतो, तू कोण? तेव्हा तो उत्तर न देता तोच माउथ ऑर्गन त्याच्या दातांत ठेवतो. फ्रँकचे शेवटचे एक-दोन श्वास त्यातून वाजतात. लिओनेचं ते शेवटच्या श्वासांबद्दलचं बोलणं धागाकर्त्यांनी वर दिलंय, ते इथे अक्षरशः ऐकू येतं.

शायेनचंही बघा. त्याची चाल खेळकर, बॅंजो आणि घोड्याच्या टापा, आलेस्सांद्रो आलेस्सांद्रोनीची शिट्टी. तो मरतो तेव्हा ती चाल समेवर येत नाही. मध्येच तुटते.

घाटवाट

@खर्ज, फास आणि धाप... हे वाचून मी दोन मिनिटं तशीच बसून राहिले.

निळीशाई

जर्मनीत असते. दोन वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर स्पेनच्या दक्षिणेला अल्मेरियाला गेलो होतो, खास या सिनेमासाठी. ताबेर्नासचं वाळवंट म्हणजे धुळीने भरलेले ओढे आणि भेगाळलेल्या टेकड्या. मॅकबेनचं ते मोठं लाकडी घर अजून उभं आहे, त्याभोवती पर्यटकांसाठी वेस्टर्न गाव केलंय. घराच्या आत जाता येतं. जिल गाडीतून उतरते ते फ्लॅगस्टोन गाव वर ग्रनादा प्रांतात, ला कालाओर्राजवळ उभारलं होतं. रेल्वेलाइनला लागून काही पडक्या भिंती उरल्यात आणि मागे टेकडीवर गोल बुरुजांचा किल्ला. किल्ला बघून क्षणभर घरची आठवण आली.

गंमत म्हणजे जिल गाडीत बसून घराकडे निघते ती स्पेनमधून, आणि मधल्या वाटेवर अमेरिकेतल्या मॉन्युमेंट व्हॅलीतून जाते. लिओनेला फोर्डच्या सिनेमातले ते सुळके हवेच होते. दोन खंडांमधला रस्ता एका टांग्याने पार केला.

फोटो खूप काढले. पण घरी आल्यावर पुन्हा पुन्हा लावते ते फोनवर टिपलेलं दीड मिनिट. नुसता वारा आहे आणि कुठेतरी पत्रा वाजतोय.

कोरडवाहू

@निळीशाई, ते दीड मिनिट जमलं तर इथे चढवा.

तिखटमीठ

तिसऱ्यांदा लावला, तोही हेडफोन लावून. या वेळी पूर्ण पाहिला. मध्ये दोनदा उठलो हे खरं सांगतो, आणि मोर्टनचे प्रसंग मला अजूनही लांबलेले वाटतात. पण कमानीच्या प्रसंगानंतर मी सिनेमा मागे नेऊन गुत्त्यातला माउथ ऑर्गन पुन्हा ऐकला. खर्ज यांनी लिहिलं नसतं तर नेला नसता. आभार.

बार्शीलाइट

बरेच दिवस नुसता वाचक होतो, आज लिहितो.

माझे वडील रेल्वेत होते. मिरज-कुर्डुवाडी नॅरो गेजवर लहान लहान स्टेशनांत नोकरी गेली, रुळांचं रुंदीकरण व्हायच्या आधीच निवृत्त झाले. आता सत्त्याऐंशी वर्षांचे आहेत. मधुमेहाने दृष्टी गेली, आता फक्त उजेड-अंधार कळतो. टीव्ही लावला की म्हणतात, काय ते ओरडतात, बंद कर. रेडिओ ऐकतात.

हा धागा वाचल्यावर काल दुपारी मी त्यांच्या खाटेशेजारी लॅपटॉप ठेवला. काय आहे ते सांगितलं नाही, फक्त म्हटलं, आण्णा, एक स्टेशन आहे, ऐका.

पहिलं काही मिनिट काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "वंगण नाही चाकाला." मी म्हटलं, पवनचक्की आहे. "तेच. पाणी भरायची. वंगण नाही." पुढे थेंब सुरू झाले तेव्हा, "टाकी गळतीय." मग तारेच्या यंत्राची कडकट्ट ऐकू आली आणि ते उठून बसले. उशीला टेकून सरळ. उजव्या हाताचं बोट खाटेच्या पट्टीवर आपोआप आपटायला लागलं. इलमला त्या आवाजाचा त्रास होतो आणि तो वायर उपटतो, हे तुम्हाला माहीत आहे. आवाज बंद झाला. आण्णांचं बोटही थांबलं. "तोडली रे कोणीतरी." मी हो म्हटलं. "मग आता हे स्टेशन गेलं. आता काही झालं तरी पुढच्या स्टेशनाला कळायचं नाही."

माशीपाशी हसले. नळीचं मी सांगितलं.

गाडी आली, थांबली, पार्सल टाकलेलं ऐकू आलं. ते मान कलती करून ऐकत होते. कोणी उतरल्याचं काही नाही. गाडी सुटली, डबे जाताना सांध्यांवरचे आवाज त्यांनी ओठांतल्या ओठांत मोजले. गाडी गेली आणि माउथ ऑर्गन वाजला. मी बघत होतो की आता काय विचारतात.

"ऑफ साइडला उतरला," आण्णा म्हणाले. "फलाटावर नाही उतरला तो."